गिनती दाईला सांगितलेलं नाव

उलटी होणाऱ्या मुलाला बसमध्ये कुठं बसवायचं, हे मला मी शिकवत असलेल्या कुठल्याही विषयापेक्षा चांगलं कळतं. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीशी, हातात अर्धं लिंबू देऊन. शेजारी बडबडी मुलगी बसवायची, म्हणजे याचं लक्ष पोटाकडे जात नाही. एवढं करूनही तो उलटी करतोच, पण निदान तुमच्या पदरावर करत नाही.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक गेली काही वर्षं माझ्या मागे आहेत. "मॅडम, शिक्षकी पेशाचे अनुभव लिहा." मी टाळत आले. एक तर मला फार बोलायची सवय नाही. स्टाफरूममध्ये माझं नाव 'मौनी मॅडम' पडलं होतं, हे मला माहीत आहे. दुसरं कारण जरा वेगळं आहे. ते सांगायला बसले, तर मधलं काही गाळता आलं नसतं. यंदा मात्र सांगण्याची परवानगी मिळाली आहे. कुणाची, ते पुढे कळेलच.

माझा खरा पेशा सहलीचा. रायपूरच्या एका छोट्या प्राथमिक शाळेत मी नोकरीला लागले आणि पहिल्याच वर्षी सहल माझ्या गळ्यात पडली. नवीन लागलेल्यांच्या गळ्यात पडतेच. ती पुढे उतरली नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, मुलांना घेऊन हिंडायचं, गाणी म्हणायची, मजा आहे. मजा मुलांची असते. आपण दिवसभर फक्त मोजत असतो. बसमध्ये चढताना मोजायचं, उतरताना मोजायचं, पाणी प्यायला गेले की मोजायचं. तोंडी हजेरीवर विश्वास ठेवायचा नाही, कारण एक मुलगा तिघांची 'प्रेझेंट मैडम' म्हणतो. डोक्याला हात लावून मोजायचं. हाताखाली डोकं आलं तरच मूल आहे. बाकी सामान म्हणजे गोल बाजारातून घेतलेली पत्र्याची शिट्टी, पुरी आणि कोरडी आलूची भाजी, आणि बदलायला दोन-चार चड्ड्या. दहीभात कधी न्यायचा नाही. का, ते विचारू नका.

राज्य नवीन झालं तेव्हाची गोष्ट. रायपूर रातोरात राजधानी झालं. रस्त्यांवर नवे बोर्ड लागले, लाल दिव्याच्या गाड्या फिरू लागल्या, आणि आमच्या हेडसरांच्या अंगात राज्य शिरलं. तोवर सहल धरणावर जायची. हेडसर म्हणाले, "अब नहीं. अपना राज्य, अपना इतिहास. राज्य के नाम में ही गढ़ है, तो बच्चों को गढ़ दिखाओ."

तर गढ़ बघायला निघालो. बसने तीन-एक तासांवर जुन्या राजांच्या वेळचा एक किल्ला आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर मला त्या गावात पाय ठेवता येणार नाही, आणि तिथली बोरं फार चांगली असतात.

मुलांच्या डोक्यात टीव्हीतला किल्ला. उंच बुरूज, तोफा, झेंडा, सिंहासन. बस थांबली. अर्धी पडलेली कमान, गवत वाढलेला खंदक, आत सीताफळाची झाडं, कोरीव दगड इथंतिथं लोळत पडलेले, आणि त्या सगळ्यांवर बकऱ्या. आम्ही कमानीतून आत गेलो, चांगलं मधोमध जाऊन उभे राहिलो, तेव्हा एका मुलानं विचारलं, "मैडम, किला कब आएगा?"

मी म्हटलं, "हम किले में ही खड़े हैं."

मुलांनी आजूबाजूला बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. फसवलं गेलेल्या गिऱ्हाइकाची असते ना, तशी नजर.

तिथं बोर्ड नव्हता, माहितगार माणूस नव्हता, मी काही वाचून आले नव्हते. मग मी सुरू झाले. ही राणीची चूल. हा हत्तीला आंघोळ घालायचा चौथरा. इथं राजा रुसून बसायचा. एरवी चार वाक्यांवर पाचवं न बोलणारी मी, त्या दिवशी मला थांबता येईना. मुलं खूश. 'रुसायच्या दगडा'वर बसायला रांग लागली.

आणि तेवढ्यात मला ती विहीर दिसली.

किल्ल्याच्या मागच्या अंगाला, झुडपांच्या आड, जमिनीशी सपाट तोंडाची जुनी विहीर. कठडा नाही, जाळी नाही. आत डोकावलं तर खोलवर काळं पाणी. मुलं सगळीकडे उधळलेली. 'तिकडे जाऊ नका' म्हटलं की मूल कुठं जातं, हे कुठल्याही मास्तरणीला विचारा.

विहिरीकडे जाणाऱ्या पायवाटेवर गुडघ्याएवढा एक दगड उभा होता. कधीकाळी त्यावर बाईची मूर्ती असावी. नाक-डोळे झिजून गेले होते, एक हात तेवढा वर केलेला दिसत होता. मी शिट्टी मारली, सगळ्यांना गोळा केलं आणि आवाज खाली आणून म्हटलं, "ये कौन है, मालूम? गिनती दाई. राजा के टाइम से किले के बच्चे गिनती है. हाथ ऊपर किया है, देखो. मतलब, रुको. हर बच्चा आएगा, एक कंकड़ रखेगा, अपना नाम बताएगा और यहीं से वापस जाएगा. जो इसके आगे गया, उसकी गिनती बिगड़ गई."

"बिगड़ गई तो क्या होगा, मैडम?"

"वो मैं नहीं बता सकती," मी म्हटलं. हे खरंच होतं.

तिकडच्या बोलीत दाई म्हणजे आई; ही मोजणारी आई. मुलांनी एकेक करून खडा ठेवला, कानात सांगावं तसं दगडाला नाव सांगितलं आणि मागं फिरली. विहिरीकडे कुणी गेलं नाही. "मैडम, आप भी बताओ ना," एक जण म्हणाला. मी म्हटलं, "मैडम लोग गिनती में नहीं रहते."

कमानीशी टोपली घेऊन एक बाई बसली होती. उकडलेले चणे आणि बोरं विकायची. नाव सुकवारो. मुलांच्या मागोमाग येऊन तिनं सगळं ऐकलं होतं. जाताना तिनं माझ्या ओंजळीत बोरं टाकली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "लइका मन ला बने डरवाय, मैडम." पोरांना छान घाबरवलंत. आम्ही दोघी हसलो. या कटात आम्ही दोघीच होतो, हे तेव्हा कळलं नाही.

बसचा ड्रायव्हर लतीफ भैया. आमच्या शाळेचीच नाही, रायपूरच्या निम्म्या शाळांची बस तोच न्यायचा. त्याला ही युक्ती एवढी आवडली की पुढच्या प्रत्येक शाळेला त्यानं ती सांगितली. फक्त ती मी काढली, हे सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी गेलो तर दगडासमोर खड्यांचा ढीग. त्याच्या पुढच्या वर्षी दगडाला शेंदूर. मग बांगड्या, मग चार बांबूंवर पत्रा. सुकवारोची टोपली कमानीपासून सरकत सरकत पत्र्याखाली आली होती, आणि चण्यांच्या शेजारी नारळ, अगरबत्त्या मांडल्या होत्या. आसपासच्या बाया येत होत्या. कुणाचं पोर आजारी, कुणाचं बाहेरगावी कामाला गेलेलं. दगडाला पोराचं नाव सांगायचं, म्हणजे दाई त्याला गिनतीत ठेवते.

मी सुकवारोला बाजूला घेतलं. "हे काय?"

"मैं का करंव? सब पूछथें, मैं हव कहि देथंव." लोक विचारतात, मी हो म्हणून टाकते. एवढं बोलून ती एका गिऱ्हाइकाकडे वळली.

याच्यावर कळस आमच्या घरी चढला. माझा मुलगा बारावीनंतर पुण्याला जायचा होता. सासूबाई मूळच्या अकोल्याकडच्या, पण आयुष्य रायपुरात गेलेलं. एक दिवस पंडरीच्या कापडबाजारातून लाल कापड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चाल, आपल्याले गिनती दाईले जायचं हाय."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "कुठं?"

"तू दरसाल पोट्टे घेऊन जाते ना तिथं! तुले माहीत नाही? जागृत हाय म्हणते. राजाच्या राणीचे सात लेकरं हरपले, तवा तिनं दगडात जीव घातला."

सात लेकरं मी घातली नव्हती. ती वाटेत कुणीतरी जन्माला घातली होती.

"आई, तसं काही नसावं," मी हळूच म्हटलं. "सुरक्षेसाठी कुणीतरी..."

"काहून? तू इतिहास शिकवून राहिली का मले? तू चूप बस, तुले काही समजत नाही."

मी चूप बसले. मला ते चांगलं जमतं. गाडी करून गेलो. मी काढलेल्या देवीपुढे माझ्या सासूबाईंनी लाल कापड चढवलं, नातवाचं नाव तीनदा सांगितलं आणि मला दटावलं, "हात जोड ना व!" मी जोडले. सुकवारो तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते.

इथवर सांगायला मला काही वाटत नाही. हे मी केव्हाही सांगितलं असतं, चारचौघांत हशा मिळवला असता. अडतं पुढं.

चौथीत सोनल नावाची मुलगी होती. गुढ़ियारीत घर, वडील रेल्वेत फिटर. नागपूरकडचं बौद्ध कुटुंब. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत. वर्गात एकच सवय: "क्यों?" सूर्य पूर्वेला उगवतो, क्यों? शून्यानं भागायचं नाही, क्यों? अशा मुली मला आवडतात, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायची.

त्या वर्षी नेहमीसारखी रांग लागली. खडे ठेवले, नावं सांगितली. मी परत निघताना डोक्यांना हात लावत मोजू लागले, तर एक डोकं कमी. वळून बघते तर सोनल विहिरीच्या काठावर. पोटावर आडवी झालेली, मान आत घालून, आणि ओरडून आपलाच आवाज परत ऐकत होती.

मी कशी धावले, मला आठवत नाही. फ्रॉकचा मागचा घोळ हाताला आला तेवढा ओढला. तो फाटला. आम्ही दोघी मागं पडलो. आणि ही हसत उठली.

"मैडम, कुछ नहीं होता! मैंने दाई को झूठा नाम बताया था. उसको पता ही नहीं चला. वो गिनती ही नहीं है."

सगळी मुलं भोवती जमली होती. पत्र्याखालच्या बाया वळून बघत होत्या. सोनल माझ्याकडे बघून, अगदी मैत्रिणीला विचारावं तसं म्हणाली, "मैडम, आपने झूठ बोला था ना?"

भीतीनं बोलले असते तर निदान क्षमा झाली असती. मी रागानं बोलले. एवढ्याशा पोरीनं मला पकडलं होतं, सगळ्यांसमोर. मी तिचा दंड धरला आणि दगडासमोर उभं केलं. "झूठ तुमने बोला है. हाथ जोड़ो. माफी माँगो दाई से."

तिनं जोडले नाहीत. मी माझ्या हातांनी तिचे हात जोडले आणि ती 'सॉरी' म्हणेपर्यंत धरून ठेवले. ते ती म्हणाली. रडली नाही. परतीच्या बसमध्ये फाटलेला घोळ मुठीत धरून खिडकीबाहेर बघत बसली. सबंध रस्ता एकदाही 'क्यों' म्हणाली नाही.

दोन-तीन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. ड्युटीवरून थेट आले होते, शर्टाच्या बाह्यांना तेलाचे डाग. हेडसरांच्या खोलीत मला बोलावलं. ते गृहस्थ ओरडले असते तर बरं झालं असतं.

"जय भीम, मॅडम. विहिरीतून ओढली माझी पोट्टी, तुमचे उपकार हायत," ते म्हणाले. "पण आम्ही दगडाले हात नाही जोडत. घरी तिले हेच शिकवलं. आता ती मले विचारते, का बाबा, माझं खरं होतं का मॅडमचं? मी म्हटलं, मॅडमले विचारून येतो." मग जरा थांबून म्हणाले, "भांडायले नाही आलो मी. पोट्टीनं खरं सांगितलं का खोटं, एवढंच सांगा."

हेडसर माझ्याकडे बघत होते. त्यांनी गिनती दाईवर नुकतंच वार्षिक संमेलनात भाषण केलं होतं, 'हमारी प्राचीन परंपरा'. मला सासूबाईंचं लाल कापड आठवलं, सुकवारोची टोपली आठवली. ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मनात एवढंच होतं की ही खोली लवकर संपावी.

"खोटं," मी म्हटलं. "दाई जुनी आहे. मुलीनं खोटं नाव सांगितलं, हे तिनंच कबूल केलं."

त्यांनी मान हलवली. खुर्ची नीट जागेवर सरकवून ठेवली आणि गेले. सोनल पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली.

विहीर मात्र तशीच उघडी. आणि आता मला झोप लागेना, कारण मला कळून चुकलं होतं की दाईला खोटं नाव सांगणारी एक सोनल दर वर्षी कुठल्यातरी शाळेत असणारच. मी सुट्टीच्या दिवशी एकटी बसनं गावात गेले, सरपंचांना भेटले. विहिरीला कठडा बांधा म्हटलं. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "दाई बैठी है ना मैडम, दीवार काहे को? आज तक कोई गिरा?"

कोण गिरा, ते पुढच्याच महिन्यात कळलं. सुकवारोची बकरी. दोरानं बाहेर काढली, वाचली, पण लंगडी झाली. मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. गावाचं म्हणणं पडलं, "बोकरी ह नाव नइ बताय रिहिस." बकरीनं नाव सांगितलं नव्हतं, म्हणून पडली. दाईचा महिमा वाढला.

मुलांना विहिरीपासून लांब ठेवायला काढलेली दाई आता विहिरीला कठडा होऊ देत नव्हती. हा माझ्या हुशारीचा एकूण हिशेब.

मी सुकवारोपुढे जाऊन बसले आणि म्हटलं, "मी गावात खरं सांगणार."

तिनं बोरं निवडणं थांबवलं नाही. "काला बताबे? कोन मानही?" कुणाला सांगशील, कोण मानेल? मग तिनं लंगड्या बकरीकडे बघितलं. शेवटी म्हणाली, "दीवार चाही न तोला? त दीवार मांग. सच काबर मांगथस?" भिंत हवी ना तुला? मग भिंत माग. खरं कशाला मागतेस?

पुढच्या सोमवारी सुकवारोच्या स्वप्नात गिनती दाई आली. कुडकुडत होती म्हणे. पाठीमागून विहिरीचा गार वारा लागतो, रात्रभर पोरं मोजता मोजता हात थरथरतो, गिनती चुकते. सुकवारोनं हे स्वप्न पाऱ्यातल्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या, चार बायांना सांगितलं आणि पाचवीला मुद्दाम सांगितलं नाही. पाचवी सरपंचांची बायको होती. तिनं ते खोदून खोदून काढून घेतलं. पावसाळ्याआधी विहिरीभोवती छातीएवढी दगडी भिंत उभी राहिली. तिला तिथं 'दाई की पीठ', म्हणजे दाईची पाठ, म्हणतात.

स्वप्नाच्या बदल्यात सुकवारोनं माझ्याकडून एक वचन घेतलं. ती त्या पत्र्याखाली बसते आहे तोवर मी कुणाला काही सांगायचं नाही. मी आनंदानं दिलं. भित्र्या माणसाला गप्प बसायला याहून चांगलं कारण कुठं मिळणार?

वर्षं गेली. हेडसर रिटायर झाले, लतीफ भैयाच्या मुलानं बस घेतली, राजधानीशेजारी नवी राजधानी झाली. आणि एका जूनमध्ये आमच्या शाळेत एक नवी शिक्षिका रुजू झाली. सोनल.

मी ओळखलं, तिनंही ओळखलं. "नमस्ते मैडम," म्हणाली, बस. आम्ही एका स्टाफरूममध्ये दोन वर्षं बसलो. ती आली की मला हटकून वर्गात काहीतरी विसरल्याचं आठवायचं. नवीन असल्यामुळे सहल अर्थातच तिच्या गळ्यात पडली. माझे गुडघे बोलू लागले होते, मी सहलीतून मोकळी झाले. गेल्या हिवाळ्यात तीच म्हणाली, "मैडम, इस बार आप भी चलिए. एक बार."

नाही कसं म्हणणार? गेले.

बसमध्ये उलटीवाला मुलगा ड्रायव्हरच्या मागं, खिडकीशी, हातात लिंबू. मी कुणाला शिकवलं नव्हतं. ती बघत बघत शिकली होती.

दाईच्या दगडाशी तिनं मुलांची रांग लावली. पत्र्याखाली सुकवारो होती, पार वाकलेली, शेजारी सून नारळ विकत होती. सोनलनं मुलांना सांगितलं, "सब एक-एक कंकड़ रखेंगे और दाई को झूठा नाम बताएँगे. एकदम झूठा. जिसका सबसे बड़ा झूठ, वो फर्स्ट. फिर हम दीवार के ऊपर से कुआँ देखेंगे, और मैं बताऊँगी कि दीवार क्यों बनी."

मुलं पिसाळली. "मैं समोसा हूँ!" "मैं हेडमास्टर हूँ!" "मैं राजा की रूठी हुई भैंस!" सुकवारो बोळक्या तोंडानं हसत होती. म्हणजे हे दर वर्षी चाललं होतं. मुलं माझ्या हाताला लोंबकळली. "मैडम आप भी! आप भी बताओ!"

मी सुकवारोकडे बघितलं. तिनं हात हलवला आणि म्हणाली, "बता दे मैडम, बता दे. अब कोनो नइ पतियाय." सांगून टाक, आता तुझं कुणी खरं मानणार नाही.

मी दगडासमोर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ये दाई मैंने बनाई है. अपने मन से. राजा-वाजा कुछ नहीं. सोनल मैडम जब तुम्हारे जितनी थी, तब उसने सच बोला था, और झूठ मैंने बोला था. और हाथ भी मैंने ही ज़बरदस्ती जुड़वाए थे."

टाळ्यांचा कडकडाट. "मैडम फर्स्ट! मैडम फर्स्ट!" पूजेला आलेल्या दोन बाया कानावर हात ठेवून हसल्या, मैडम मजाक करथे. सुकवारोच्या सुनेनं मला बक्षीस म्हणून एक नारळ दिला.

सोनल हसली नाही. मुलं भिंतीकडे पळाल्यावर ती माझ्याजवळ आली. माझ्याशी आयुष्यात कधी मराठी न बोललेली ती मुलगी म्हणाली, "बाबा अजून विचारत राहतात, मॅडम काही बोलल्या का."

"मीच येते सांगायला," मी म्हटलं.

रविवारी गुढ़ियारीला गेले. तिचे वडील दारात खुर्ची टाकून बसले होते, रिटायर होऊन वजन उतरलेलं. मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानंच म्हटलं, "भाऊ, पोरीनं खरं सांगितलं होतं. खोटी मी होते."

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "घरी गेल्यावर तिले तेच सांगितलं मी. पण तिले तुमच्या तोंडून पाहिजे होतं. मास्तरीणबाईचं म्हणणं बापाच्या म्हणण्याहून मोठं असते पोट्ट्याले." मग खुर्ची सोडून ती माझ्याकडे सरकवली. "बसा आता. चहा घ्या."

चहा झाला. निघताना मला एक गोष्ट आठवली. एवढ्या वर्षांत ती कुणी विचारलीच नव्हती, मीही नाही. आत भांडी लावणाऱ्या सोनलला मी दारातून हाक मारली. "काय गं, त्या दिवशी दाईला खोटं नाव कोणाचं सांगितलं होतंस?"

भांड्यांचा आवाज थांबला. बाप-लेकीनं एकमेकांकडे बघितलं, आणि दोघंही हसायला लागली.

"आपका, मैडम."

मी घरी येऊन सासूबाईंना काही सांगितलं नाही. त्या नव्वदीला टेकल्या आहेत, नातवाचं नाव अजून दर नवरात्रात दाईला पाठवतात, आणि हा अंक त्यांना कुणी वाचून दाखवू नये, अशी माझी वाचकांना हात जोडून विनंती आहे. स्वतःच्या हातांनी जोडून.